पुन्हा त्याच पाईपला टी!

मालवणातल्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघरात आणखी एक नळ हवा म्हटलं, की प्लंबर सिंकखालच्या पाईपला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मारून मोकळा! अहो, ती अर्ध्या इंचाची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाईन आतून गंजून निम्मी बुजलीय. त्यावरच सिंक, त्यावरच फिल्टर, आता मोरीचा नळही? मागीलदारची टाकी नळापासून जेमतेम ३ मीटर उंच, म्हणजे दाब ०.३ बार. एक नळ सोडला की दुसऱ्याची धार करंगळीएवढी! टाकीपासून पाऊण इंचाची वेगळी लाईन ओढा, प्रत्येक फाट्याला कॉक बसवा, हे दर वेळी मीच का सांगायचं? वर चिऱ्याची भिंत फोडतात. चिरा म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र; सांधा जरा पाझरला की ओल आतल्या आत पसरते, गिलाव्याला पोपडे धरतात. तरी उत्तर एकच, "काय होना नाय, वयनी!"