टपाली मत हवे, पक्षाची शाखा नको

अनिवासी भारतीयांना परदेशातूनच मतदान करू द्यावे का, हा वाद महाराष्ट्रात निवडणुका आल्या की पुन्हा निघतो. 2010 च्या कायदादुरुस्तीमुळे आमचे नाव मतदारयादीत लागू शकते, पण मत द्यायचे तर स्वतःच्या मतदारसंघातील केंद्रावर जातीने हजर राहावे लागते. हॅम्बुर्गमध्ये राहणारा मी टपाली मताचा समर्थक आहे. मात्र राजकीय पक्षांनी परदेशात शाखांचे जाळे विणावे, ही त्याच्याच जोडीने होणारी मागणी मला अजिबात पटत नाही.

पक्षाच्या परदेशी शाखा काय करू शकतात, याचे एक जुने उदाहरण नाझी जर्मनीचे आहे. अर्न्स्ट विल्हेल्म बोले 1903 मध्ये इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथे जन्मला, केप टाउनमध्ये वाढला, बर्लिनमध्ये वाणिज्य शिकला आणि आयात-निर्यातीच्या धंद्यात पडला. 1932 मध्ये तो नाझी पक्षात आला आणि पुढच्याच वर्षी पक्षाच्या परदेश संघटनेचा प्रमुख झाला. ही संघटना 1931 मध्ये हॅम्बुर्गमध्येच स्थापन झाली होती. खलाशी आणि व्यापारी यांच्या या बंदरात ती निघावी, यात नवल नाही. यजमान देशाचे कायदे पाळा, तिथले राजकारण तिथल्या लोकांवर सोडा, असे तिचे नियम सांगत. कागदावर ते आजही कोणाला खटकणार नाहीत. पण ज्याचा धंदा मायदेशाशी बांधलेला होता, त्याला पक्षाला नकार देणे सोपे नव्हते.

10 एप्रिल 1938 रोजी ऑस्ट्रियाच्या विलीनीकरणावर सार्वमत झाले, तेव्हा इंग्लंडमधील जर्मनांना एका जहाजावर चढवून किनाऱ्यापासून दूर समुद्रात मतदानासाठी नेण्यात आले. दावोसमध्ये 1936 साली मारल्या गेलेल्या स्वित्झर्लंडमधील शाखाप्रमुखाचे, विल्हेल्म गुस्टलोफचे, नाव त्या जहाजाला दिलेले होते. अशा मतपेटीतून जवळजवळ एकमुखी होकार निघाला, तो मतदारांचा मानावा की संघटनेचा? ज्यूंचा मताधिकार तर त्याआधीच काढून घेतलेला होता.

त्याच महिन्यात ब्राझीलने परकीयांच्या राजकीय संघटनांवर बंदी घातली. 1939 मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मनांना अहमदनगरसारख्या छावण्यांत डांबले, आणि त्यांत नाझींपासून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासितही सुरुवातीला सापडले. संशयाची अशी सरसकट झळ, पक्षाशी वैर असलेल्यांनाही, बसते. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. बोलेला 1949 मध्ये न्युरेंबर्गच्या खटल्यात 5 वर्षांची शिक्षा झाली, पण त्याच वर्षी तो सुटलाही.

आपल्या पक्षांना नाझींच्या पंक्तीला बसवण्याचा माझा हेतू नाही. मात्र परदेशातील मराठी मंडळांत गणपतीच्या वर्गणीबरोबर पक्षाची ओळखही विचारली जाऊ लागली, तर वेगळ्या मताच्या माणसाने जावे कुठे? निवडणूक आयोगाने मतपत्रिका थेट मतदाराच्या घरी पाठवावी आणि ती बंद पाकिटातून परत घ्यावी. त्या वाटेत कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता नसावा.