हिटलर पॅरिसच्या थिएटरात मेला नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. क्वेंटिन टॅरँटिनोचा २००९चा सिनेमा 'इनग्लोरियस बास्टर्ड्‌स' ही म्हणे सत्यकथा आहे. हिटलर जून १९४४मध्ये पॅरिसच्या थिएटरात जळून मेला, अमेरिकेची एक ज्यू तुकडी जर्मनांच्या डोक्याची कातडी सोलायची आणि सगळ्या सरकारांनी मिळून हे दाबलं. एरवी डिलीट करून सोडून दिलं असतं. पण नववीतला माझा भाचा हेच शाळेच्या प्रकल्पात उतरवायला बसला, म्हणून लिहितेय.

मुळात सिनेमा स्वतःच सांगतो की तो गोष्ट आहे. पहिल्या प्रकरणाचं नावच 'आटपाट नगर होतं'च्या धाटणीचं आहे. सिनेमातला नाझी अधिकारी कर्नल लांडा शेतकऱ्याच्या घरात आरामात बसून दूध पितो, गोडगोड बोलतो आणि त्याच्या पायाखाली, फळ्यांच्या आड एक ज्यू कुटुंब तोंड दाबून पडलेलं असतं. जीव टांगणीला लावणारा तो ताण, मध्येच अंगावर येणारा विनोद, शेवटचा सूड, हे सगळं रचलेलं आहे. उत्तम रचलंय. पण रचलंयच.

आता हिटलर. २० जुलै १९४४ला रास्टेनबर्गच्या मुख्यालयात त्याला मारायला बॉम्ब ठेवला गेला आणि तो वाचला. जूनमध्ये मेलेला माणूस जुलैत कसा वाचेल, एवढाही विचार फॉरवर्ड करणाऱ्यांनी करू नये? ३० एप्रिल १९४५ला त्याने बर्लिनच्या बंकरमध्ये आत्महत्या केली. सोव्हिएत सैन्याला सापडलेले दात त्याच्या दंतवैद्याची सहायक केट हॉयझरमान हिने ओळखले. 'रशियनांनी बनाव केला' म्हणणाऱ्यांसाठी पुढचंही सांगते. २०१७मध्ये संशोधक फिलिप शार्लिए आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी मॉस्कोत ते दात तपासले, हिटलरच्या हयातीतल्या एक्स-रेंशी ताडून पाहिले आणि ते जुळले. ते एक्स-रे सप्टेंबर १९४४चे आहेत, म्हणजे फॉरवर्डने त्याला जाळल्यानंतरचे! शोधनिबंध २०१८मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. सिनेमात ज्या रिळांनी थिएटर पेटवतात, ती जुनी नायट्रेट फिल्म खरंच भयंकर पेटते. जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, त्यामुळे पाण्यानेही धड विझत नाही. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारात अशीच रिळं जळाली. पण रिळं जळतात, एवढ्यावरून त्यात हिटलर जळाला असं होत नाही.

सगळ्यात वाईट मुद्दा कातडी सोलण्याचा, कारण त्याखाली 'म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच' असं लिहिलंय. साठ लाख ज्यूंना पद्धतशीर मारणाऱ्यांची बरोबरी एका काल्पनिक तुकडीशी? सूड घेऊ पाहणारे होते, हे नाकारत नाही. एप्रिल १९४६मध्ये आब्बा कोव्हनर या ज्यू लढवय्याच्या गटाने न्यूरेम्बर्गजवळच्या छावणीतल्या एसएस या नाझी दलाच्या कैद्यांच्या पावाला अर्सेनिक फासलं. बरेच आजारी पडले, कुणी मेल्याची नोंद नाही. पण हे युद्ध संपल्यावरचं, आणि ते अमेरिकी सैनिक नव्हतेच.

अमेरिकेकडून लढलेला खरा ज्यू हेर पाहायचाय तर फ्रेड मेयर पाहा. जर्मनीत जन्मला, १९३८मध्ये कुटुंबासह अमेरिकेत पळाला. फेब्रुवारी १९४५मध्ये रात्री ऑस्ट्रियातल्या बर्फात पॅराशूटने उतरला. सोबत रेडिओ सांभाळणारा डच ज्यू हान्स वाइनबर्ग आणि जर्मन सैन्य सोडून आलेला ऑस्ट्रियन अधिकारी फ्रान्त्स वेबर. मेयर जर्मन अधिकाऱ्याच्या गणवेशात इन्सब्रुकमध्ये वावरला, रेल्वेगाड्यांच्या खबरा पाठवल्या. पुढे गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडून त्याचे अतोनात हाल केले, तरी त्याने साथीदारांची नावं दिली नाहीत. आणि शेवटी याच माणसाने तिथल्या नाझी प्रमुखाला शरणागतीसाठी राजी केलं. मे १९४५मध्ये इन्सब्रुक अमेरिकनांच्या ताब्यात आलं. त्याने कुणाची कातडी सोलली नाही.

उरलेले मुद्दे किरकोळ आहेत. सिनेमात दाखवलंय तसं जर्मन लोक बोटांवर तीन मोजताना अंगठ्यापासून सुरुवात करतात, हे खरं. 'लांडाचा खरा फोटो' म्हणून जो फिरतोय, तो क्रिस्टॉफ वॉल्ट्‌झ या नटाचा आहे; या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. भाच्याने प्रकल्पाचा विषय बदलून मेयर घेतलाय. ग्रुपवरच्या काकांनी तो फॉरवर्ड निदान आता तरी काढून टाकावा.