‘म्हाताऱ्यांना घाबरवू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय, ‘ताई, तुमचा लेख वाचून आमच्या ८१ वर्षांच्या नानांनी टावीला नकार दिला. जांघेतून करायची एवढीशी गोष्ट. डॉक्टर नसताना म्हाताऱ्यांना कशाला घाबरवता?’ हे वाचल्यापासून नाना माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

चूक माझी आहे. टावीत, म्हणजे छाती न उघडता रक्तवाहिनीतून नळी नेऊन हृदयात नवी झडप बसवण्यात, काय काय बिघडू शकतं ते मी सविस्तर लिहिलं, पण झडप तशीच ठेवली तर काय होतं हे लिहिलंच नाही. हृदयातून महारोहिणीत रक्त सोडणारी झडप कॅल्शियम साचून फार अरुंद झाली, की गोळ्यांनी ती उघडत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, टावीवरच्या ‘पार्टनर’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत, छाती उघडून ऑपरेशन झेपणार नाही अशाच रुग्णांना घेतलं होतं. सरासरी वय ८३. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षभरात गेले, टावी झालेल्यांपैकी ३०.७ टक्के. नानांना हे आवर्जून वाचून दाखवा.

‘एवढीशी गोष्ट’ मात्र मला मान्य नाही. त्याच चाचणीत पहिल्या महिन्यात टावीच्या गटात ५ टक्के लोकांना मोठा पक्षाघात झाला, दुसऱ्या गटात १.१ टक्के. १६.२ टक्के लोकांच्या रक्तवाहिनीला मोठी इजा झाली. तेव्हाची नळी २२ ते २४ फ्रेंचची, म्हणजे सात-आठ मिलिमीटरची, आणि ती न्यायची वयानं कडक झालेल्या रक्तवाहिनीतून. आता १४ फ्रेंचच्या नळ्या आहेत, त्यामुळे हा धोका बराच उतरलाय. तरी सीटी स्कॅनमध्ये नानांच्या जांघेतली रक्तवाहिनी किती रुंद दिसते, ते विचाराच.

आता माझ्या आईचं. टावीनंतर तिसऱ्या दिवशी, मॉनिटर काढल्यावर, ती बाथरूमच्या दारातच कोसळली. नाडी तिशीवर आली होती. नवी झडप जिथे बसते त्याच्या अगदी खालून, ठोक्याचा संदेश हृदयाच्या खालच्या कप्प्यांकडे नेणारी वाट जाते. झडपेचा दाब तिच्यावर आला की संदेश अडतो, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. आईच्या आधीच्या ईसीजीवर ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ लिहिलेलं होतं. म्हणजे त्या वाटेची उजवी फांदी आधीपासूनच बंद. अशा माणसाला पेसमेकर लागण्याची शक्यता जास्त असते, हे मला पेसमेकरच्या संमतिपत्रावर सही करताना कळलं. पेसमेकर बसवावा लागला याचा राग नाही. आई आज दोन जिने चढून येते. राग आहे तो ते कागदावर असून कुणी सांगितलं नाही याचा. माहीत असतं तर त्या संध्याकाळी मी तिला एकटीला उठू दिलं नसतं.

तेव्हा नानांचा ईसीजी काढून त्यावर काय लिहिलंय ते बघा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही बरोबर न्या. हे सगळं त्यांच्यासमोर बोललं जाऊ दे, निर्णय त्यांचा आहे.

आणि त्यांना आईशी बोलावंसं वाटलं तर कळवा. दुपारी चारनंतर ती मोकळीच असते.