बोटॉक्सच्या लेखावर आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गेली दोन वर्षं तुम्ही वाशीत भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) घेता आणि त्याने तुम्हाला बरं वाटतं. "आधी मनाशी बोला, मग सुई टोचून घ्या" असं लिहून मी बायकांना अपराधी वाटायला लावते. बोटॉक्सने नैराश्य कमी होतं हे संशोधन मी सांगितलंच नाही. आणि नवरा केस काळे करतो, तेव्हा त्याला कोणी समुपदेशन सुचवत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. बाई म्हातारी दिसली तरी बोलायचं आणि तिने ते लपवलं तरी बोलायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. मला त्या बोलणाऱ्यांत उभं राहायचं नाही.

आता संशोधन. ते आहे, आणि चांगलं आहे. 2012 साली स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या डॉक्टरांनी दीर्घकाळ नैराश्य असलेल्या, औषधांनी पुरेसा फरक न पडलेल्या 30 जणांवर चाचणी घेतली. भुवयांमध्ये एकदाच इंजेक्शन दिलं; निम्म्यांना बोटॉक्स, निम्म्यांना नुसतं सलाईन. सहा आठवड्यांनी बोटॉक्सवाल्यांची लक्षणं सरासरी 47 टक्क्यांनी उतरली, दुसऱ्या गटाची 9 टक्क्यांनी. 2014 मध्ये अमेरिकेत 74 जणांवरच्या चाचणीचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता. आठ्या घालणारा स्नायू सैल पडला की चेहऱ्याकडून मेंदूला जाणारा ताणाचा निरोपही कमी होतो, अशी त्यामागची कल्पना आहे.

पण हे सगळे नैराश्याचं निदान झालेले रुग्ण होते, आणि 2012 च्या चाचणीत त्यांची औषधं बंद केलेली नव्हती. शिवाय अशा चाचणीत कोणाला काय दिलंय हे सहसा गुपित राहत नाही. कपाळ हललं नाही की आरशात कळतंच, आणि खरं औषध मिळालंय हे कळल्यावर माणसाला बरं वाटू लागतं. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने बोटॉक्सला भुवयांमधल्या आठ्यांसाठी 2002 मध्येच मान्यता दिली. नैराश्यासाठी अजून दिलेली नाही. राम मारुती रोडवरच्या किंवा पाम बीच रोडवरच्या क्लिनिकने "मूड सुधारतो" असं सांगून पॅकेज विकावं, इतकं बळ या पुराव्यात नाही. मला चीड येते ती या विक्रीची.

दुसरी बाजूही आहे. 2010 च्या एका अभ्यासात बोटॉक्स घेतलेल्या बायकांना राग आणि दुःखाची वाक्यं वाचून समजायला किंचित जास्त वेळ लागला; आनंदाच्या वाक्यांत फरक पडला नाही. परिणाम छोटा होता, त्याने घाबरायचं कारण नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांत काही मुली आणि मुलगेही असे असतात, की आधी ओठ, मग हनुवटी, मग डोळ्यांखालचे खड्डे. प्रत्येक फिलरनंतर (त्वचेखाली भरायच्या जेलच्या इंजेक्शननंतर) थोडे दिवस बरे जातात, आणि मग नजर चेहऱ्यावरच्या पुढच्या जागेवर जाते. इतरांना न दिसणारा दोष त्यांना दिवसाचे तास न् तास छळतो. याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. सर्वसाधारण लोकांत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास, सौंदर्योपचाराच्या दवाखान्यांत त्याहून बरंच जास्त. या आजारात सुईचा सहसा उपयोग होत नाही. सीबीटी ही विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत आणि नैराश्यावरही दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं यांचा होतो. मी "मनाशी बोला" लिहिलं ते अशांसाठी, आणि त्यांना एकही प्रश्न न विचारता सिरिंज भरणाऱ्यांसाठी. ते वाक्य मी काढणार नाही.

तुमचं तसं काही दिसत नाही. तुम्हाला आठ्या नको होत्या, त्या गेल्या. तीन-चार महिन्यांनी असर उतरतो हे तुम्हाला माहीत आहे आणि खर्च झेपतो. त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घेत असाल, तर मला अडवायचं काहीच कारण नाही.

तुमच्या भाचीबद्दल मात्र स्पष्ट बोलते. वीस वर्षांची आहे, ओठांना फिलर हवंय आणि पैसे तुम्ही देणार आहात. देण्याआधी तिला शेजारी बसवून विचारा: ओठ भरल्यावर काय बदलेल असं तुला वाटतं? "फोटो छान येतील" म्हणाली, तर फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते, एवढं सांगा आणि निर्णय तिच्यावर सोडा. "मग कॉलेजला जाता येईल", "मग कोणी सोडून जाणार नाही" असं काही म्हणाली, तर पैसे थांबवा आणि तिला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. लगेच जमत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तिच्याजवळ बसून तुम्हीच लावा.