मामू, आचेची त्सुनामी आणि जलसुरक्षेची वही

मोठ्या मामूंनी घरच्या ग्रुपवर टाकलेला तो मेसेज मी तीनदा वाचून सोडून दिला होता. चौथ्यांदा तो भेटला आपाच्या मुलाच्या जलसुरक्षेच्या वहीत. निळ्या शाईत, खाली दोन रेघा मारून. पोरगं दहावीला आहे. म्हणून लिहितोय. मामू, रागावू नका.

मेसेज थोडक्यात असा: शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं कुरआनात आधीच आहेत. शाळेत इस्लामी अखलाक, म्हणजे नीतिमूल्यं शिकवली की पाणी, जंगल सगळं आपोआप वाचतं; पर्यावरणाचा वेगळा विषय कशाला? इंडोनेशिया पाहा. आणि पुरावा काय, तर 2004च्या त्सुनामीत तिथल्या आचे प्रांतातली अखलाक विसरलेली वस्ती वाहून गेली, मशीद तेवढी उभी राहिली.

17 उद्दिष्टांचं जाऊ द्या. ज्याला त्याला आपल्या ग्रंथात सगळं सापडतंच. त्या यादीत समुद्रातला प्लास्टिकचा कचराही आहे, तो सातव्या शतकात कुठून आणणार?

आचेचं मात्र सोडणार नाही. तिथे दीड लाखाहून जास्त माणसं गेली. आचेला इंडोनेशियात मक्केची ओसरी म्हणतात, इतका तो मुलूख दीनदार, म्हणजे धर्म पाळणारा. त्या मेलेल्या पोरांना अखलाक शिकवले नव्हते असं म्हणायला जीभ कशी रेटते? आणि मशीद. मेसेजसोबतच्या फोटोतली बैतुर्रहमान मशीद 1881 साली डचांनी बांधून दिलेली आहे. आधीची त्यांच्याच लढाईत जळाली होती. म्हणजे तुमच्या हिशेबाने श्रेय डचांना द्यावं लागेल. भक्कम बांधकाम होतं म्हणून टिकली. किनाऱ्यावरच्या काही मशिदी टिकल्या त्या खांबांवर उघड्या होत्या म्हणून. पाणी आरपार गेलं. ज्या पडल्या त्यांचे फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता त्याच आचेमधलं सिमेउलुए बेट बघा. भूकंपाच्या केंद्राजवळ, लाट दहा मिनिटांच्या आत पोचली. भोंगा नाही, मोबाईलवर इशारा नाही. वस्ती सुमारे 78 हजार, मेले सात. कारण 1907च्या लाटेने त्यांचे पूर्वज नेले होते आणि तेव्हापासून आज्या नातवंडांना सांगत, गाण्यांतून गात आल्या: जमीन जोरात हलली, समुद्र मागे सरला, की सामान सोडा आणि डोंगर गाठा. त्या लाटेला त्यांचा शब्दही आहे, स्मोंग. तीही मुसलमान माणसंच, मामू. त्यांच्या पोरांना समुद्र कसा वागतो ते ठाऊक होतं.

जंगलाचं दोन ओळींत. इंडोनेशियात शाळेत धर्मशिक्षण सक्तीचंच आहे. तरी 2015च्या वणव्यांत 26 लाख हेक्टर जळालं. पाम तेलाच्या मळ्यांसाठी दलदलीची जमीन सुकवून ठेवली, की ती पेटायला काडी पुरते.

पाण्याबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे, कबूल करतो. वाहत्या नदीवर बसलात तरी वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, पाणी उधळू नका, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांची शिकवण आहे. पैगंबर साहेबांना वजूला एक मुद्द पाणी पुरायचं, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर. इंडोनेशियाच्या उलेमा, म्हणजे धर्मपंडितांच्या परिषदेने 2014 साली दुर्मीळ प्राण्यांच्या शिकारीविरुद्ध फतवाही काढला. त्यातही वन्यजीवांचे अभ्यासक सोबत होते. पण आमच्या मोहल्ल्यातल्या वजूखान्यात तीच हदीस टाइल्सवर लिहिलीय आणि तिच्याखाली मामू बाह्या सरसावून, नळ सोडून, शेजारच्याला मुलाच्या लग्नाची तारीख सांगत असतात. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीने खुतबा, म्हणजे प्रवचन दिलं, आणि कमी पाण्याचे नळही बसवले.

भाच्याने वहीतल्या त्या पानावर कोरा कागद चिकटवलाय. काल त्याने नळाखाली बादली लावून माझ्या वजूचं पाणी मोजलं. सहा लिटर. रविवारी आम्ही तुमच्याकडे येतोय मामू, बादली घेऊन.