चिकटपणा सवयीचा नाही, साबणाचा आहे

"शाम्पूची वडी लावली की पहिले पंधरा दिवस केस चिकट राहणारच, सवय होऊ द्या" हे प्लास्टिकच्या बाटलीऐवजी शाम्पूची वडी वापरा सांगणाऱ्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. इंदूरला आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी सगळं बोरिंगवर. त्या जड पाण्यात तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेली, म्हणजे मुळात साबणच असलेली वडी लावली की पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि कंगव्याच्या दातांत पांढरट मेण साचतं. मी दोन महिने वाट पाहिली, गेलं नाही!

मग सोडियम कोकोइल आयसेथिओनेटवाली (हा फेस करणारा घटक, पण साबण नव्हे) वडी आणली. पाणी तेच, पण पहिल्याच धुण्यात केस मोकळे. दोन्ही वड्यांवर नाव मात्र एकच, 'शाम्पू बार'. मागचे घटक वाचून घ्या, एवढं तरी लेखात हवंच होतं. प्लास्टिक सोडायला निघालेल्या बायका या मेणामुळेच परत शाम्पूच्या बाटलीकडे वळतात.