कार्ड कोणाचं मागता?

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या मावसभावाने, लिहिलं की लग्नाआधी सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी कायद्याने सक्तीची करा आणि दोघांची तपासणीची कार्डं पाहिल्याशिवाय लग्नच लागू देऊ नका. पाठोपाठ सगळ्यांचे अंगठे. मी इकडे लंडनमध्ये तो मेसेज चारदा वाचला. कारण महिनाभरापूर्वी याच दादाने मुलासाठी आलेलं चांगलं स्थळ परत पाठवलं. मुलगी एम.एस्सी., नोकरीवाली, नागपुरात इंदोऱ्यातलीच. पण एएस पॅटर्न निघाली, म्हणजे नुसती वाहक, स्वतः आजारी नाही. दादाचा मुलगा एए, म्हणजे वाहकही नाही. या दोघांना एसएस, म्हणजे आजारी, मूल होऊच शकत नाही. फार तर मूल आईसारखं वाहक होईल. कार्ड निघालं ते हेच सांगायला. दादा म्हणाला, "घरात खराबी कशाला आणायची?"

दादा सायप्रसचा दाखला देतो. आम्ही पामर्स ग्रीनला राहतो, आमच्या गल्लीत निम्मी घरं सायप्रसच्या ग्रीकांची आहेत, तेव्हा सायप्रसचं मला सांगू नये. तिथे थॅलेसेमिया, असाच आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, फार पसरलेला होता. लग्नाआधी चर्च प्रमाणपत्र मागतं, हे खरं आहे. पण त्या कागदावर एवढंच असतं की दोघांची तपासणी झाली, दोघांना सल्ला मिळाला. पुढचं ज्याचं त्याने ठरवायचं. बहुतेकांनी लग्नं मोडली नाहीत, गरोदरपणी तपासण्या करून घेतल्या, आणि आजारी मुलं जन्माला येणं जवळजवळ थांबलं. दादाच्या कायद्यात मात्र आधी मोडते ती सोयरीक, आणि बोल लागतो तो मुलीला.

इथे माझी तपासणी नवव्या आठवड्यात झाली. मिडवाइफने फॉर्म भरताना विचारलं, आईकडचे कुठले, वडिलांकडचे कुठले. मी दोन्हीकडे भारत म्हटलं, तिने दोन खुणा केल्या, संपलं. जात नाही, गाव नाही. मला तेव्हा केवढं हलकं वाटलं. रिपोर्ट आल्यावर नवऱ्यालाही बोलावलं. तोही एएस. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, कारण मुलाचं कार्ड आमच्याकडे कोणी मागितलंच नव्हतं. समुपदेशक बाईंनी चार लाकडी ठोकळे मांडले, एक लाल. मूल एसएस निघण्याची शक्यता दर खेपेला चारात एक, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याने मराठीत विचारलं, "तुले माहीत होतं काय?"

मी नाही म्हटलं.

मला माहीत होतं. कॉलेजच्या शिबिरात रक्त घेतलं होतं आणि पिवळं कार्ड मिळालं होतं. आईने ते कपाटात शालूच्या घडीत ठेवलं. "कोणाले दाखवू नको," एवढंच ती म्हणाली. मी दाखवलं नाही. त्या चार ठोकळ्यांनंतरही आम्ही मूल ठेवायचं ठरवलं, पण ते ठरवताना माझं खोटं मध्ये बसलेलं होतं. मुलगी एसएस आहे. ती चार वर्षांची असताना, एका रात्री तिचे पाय शेकत बसले होते तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आधी माहीत असतं तर..." आणि वाक्य त्याने पुरं केलं नाही. आजवर केलेलं नाही.

आता ती नऊची आहे. पेनिसिलिन तिसऱ्या महिन्यापासून रोज दोनदा, हायड्रॉक्सीकार्बामाइड रोज रात्री. पोहण्याच्या तासाला शाळा तिच्यासाठी गरम टॉवेल काढून ठेवते. याचे दादाला मी अभिमानाने फोटो पाठवते. जे पाठवत नाही ते असं. सिकलसेलचं दुखणं घेऊन आलेल्याला अर्ध्या तासात वेदनाशामक मिळालं पाहिजे, अशी इथली मार्गदर्शक सूचना २०१२ पासून आहे. गेल्या फेब्रुवारीत माझ्या मुलीला अडीच तास लागले. नर्सने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे अशी नजर टाकली की नागपूरच्या एका डॉक्टरांचं वाक्य कानात वाजलं. माझ्या एसएस आतेबहिणीला ते म्हणाले होते, "आली का पुन्हा नाटक करायला?" लंडनमध्येच २०१९ साली सिकलसेलच्या एकवीस वर्षांच्या इव्हान नेथन स्मिथने प्राणवायूसाठी दवाखान्यातल्या खाटेवरून ९९९ ला, इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. तो वाचला नाही. इथे हा काळ्यांचा आजार, तिकडे आमचा. दोन्हीकडे दुखणं खरं की खोटं हे कातडी नाहीतर वस्ती पाहून ठरतं.

आमचा म्हणजे कोणाचा, हेही सांगते. गणपतीत एक पुण्याच्या बाई मुलीची चौकशी करताना म्हणाल्या, "पण हा आपल्यात नसतो ना?" पूर्व विदर्भात हा बौद्धांत आहे, गोंडांत आहे, परधानांत आहे, कुणबी-तेल्यांतही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे एएसवाले तगले, म्हणून तो टिकला. आणि आपण जातीतच लग्नं लावत राहिलो, म्हणून एएसला एएस भेटत राहिला. कार्ड मागणारा दादा पोटजातही बघतो. त्या बाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. उकडीचा मोदक घेतला आणि हसले. दवाखान्यातल्या बाकावर नायजेरियाच्या बाया शेजारी बसतात, पहिल्या भेटीतच जिनोटाइप, म्हणजे एए, एएस की एसएस, विचारतात, आणि मी एका दमात सांगून टाकते. मराठीत मला ते अजून जमत नाही.

भारत सरकारने १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत आजार संपवायचा आहे, सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. करावी. माझा तपासणीला विरोध नाही, दादा. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल अपंगत्वात धरला, पण नोकरीच्या चार टक्के राखीव जागांत तो बसत नाही. ग्रुपवर यावर कोणी एक ओळ लिहीत नाही. मुलींची कार्डं मागणं त्याहून सोपं आहे.

परवा आईचा फोन आला. त्या इंदोऱ्याच्या मुलीची माय तिला भेटली होती, विचारत होती, पुढच्या ठिकाणी कार्ड दाखवायचं की नाही.

"दाखव म्हणावं," मी म्हटलं. "आधीच दाखव."

आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आपण कुठं दाखवलं होतं?"